दारात एसटी स्टँड

माझ्या ऑफिसात पहिल्यांदा येणारा कुणीही वकील आधी फरशीकडं बघतो, मग माझ्याकडं, मग परत फरशीकडं. दारापासून सहा फूट खडबडीत शहाबादी आणि तिथून पुढं एकदम पांढरी, चकचकीत टाइल. दाराजवळच्या कोपऱ्यात पाच फुटी प्लायवूडचा आडोसा, त्याच्याआड एक बाकडं. भिंतीला लोखंडी कपाट आणि त्याला धान्याच्या गोदामाला शोभेल असलं कुलूप. परवा लातूरची एक वकील मैत्रीण आली होती. तिनं विचारलंच, "काय गं, इंटिरियर कुणाकडून केलंस?"

"दशरथमामांकडून."

"पुण्याचे का?"

"घाटनांदूरचे. शिपाई होते."

ती हसली. तिला वाटलं मी चेष्टा करतेय. मीही हसले, पण मामांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

मामा पस्तीस वर्षं परळीतल्या एका कचेरीत साहेबांच्या दाराबाहेर स्टुलावर बसले. आमच्याकडं शिपायाला मामाच म्हणतात, वय काहीही असो. हे नोकरीला लागले तेव्हा जेमतेम पंचविशीतले होते आणि पन्नाशीचे हेडक्लार्क त्यांना "ओ मामा, पाणी आणा" म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी शाल झाली, नारळ झाला. साहेब खुशीत येऊन म्हणाले, "मामा, अजून काय पाहिजे ते मागा." मामांनी स्टूल मागितलं. स्टूल डेडस्टॉकच्या, म्हणजे सरकारी सामानाच्या, रजिस्टरात चढवलेलं, त्याला नंबर होता, ते कसं द्यायचं? मामा म्हणाले, "असू द्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी सुताराला कचेरीत नेलं, स्टुलाचं माप घ्यायला लावलं आणि हुबेहूब दुसरं करून घेतलं. एवढ्यावर थांबतील ते मामा कसले? रंगाऱ्याकडून त्याच्यावर तोच रजिस्टरचा नंबरही लिहून घेतला. पुढं वर्षभर त्या कचेरीत कुणीतरी स्टूल पळवल्याची चौकशी चालू होती. खरं स्टूल जागेवर असताना!

हे नवं स्टूल स्टेशनसमोरच्या चहावाल्याकडं ठेवलेलं असे. मामा घाटनांदूरहून सकाळच्या गाडीनं यायचे, स्टूल उचलायचे आणि गावात सावली बघून बसायचे. घरी का नाही बसत, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "घरी बसून काय करू? घरात कुणी वाट बघत उभं ऱ्हात न्हाई."

आता माझं सांगते, नाहीतर मामा माझ्या दाराशी का आले ते कळायचं नाही.

मी सात वर्षं एका मोठ्या वकिलांकडं ज्युनिअर होते, म्हणजे फायली वाहत होते. सासऱ्यांचा, म्हणजे नानांचा, परळीत रस्त्याला लागून एक गाळा होता. तो मी मागितला. माझे दीर राजाभाऊ त्याच गाळ्यात मोबाइलचं दुकान टाकायला टपलेले. नानांनी न्याय केला: "पाडव्यापर्यंत चालवून दाखव. चाललं तर तुझं. न्हाईतर राजाला." पाडव्याला पाच महिने होते. हरले असते तर परत त्याच फायली, तेच "मॅडम, झेरॉक्स काढून आणा".

माझा भाऊ संदीप पुण्यात ऑफिसं सजवून देतो. त्यानं मला तीन प्रकार पाठवले: साधं, मध्यम आणि प्रीमियम. ताईचं पहिलं ऑफिस म्हणून अर्थातच प्रीमियम. पांढरी टाइल, दिवे लपवलेलं छत, समोर सबंध काचेचं दार. परळीत, जिथं औष्णिक केंद्राची राख सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी परत बोटानं नाव लिहिण्याइतकी साचते, तिथं पांढरी टाइल! मला तेव्हा एवढी अक्कल नव्हती. मी त्या फरशीत स्वतःचा चेहरा बघून खूश होत होते.

दीड महिना गेला. माणसं यायची, नाही असं नाही. दारापर्यंत यायची, चप्पल काढायची, काचेतून आत बघायची, उंबऱ्यावर उभी राहून "न्हाई, असंच इचारायचं होतं" म्हणायची आणि पाय भाजल्यासारखी परत फिरायची. बाया तर दारापर्यंतही येत नव्हत्या.

अशाच एका दुपारी दाराबाहेरच्या सावलीत एक म्हातारा खुशाल स्टूल टाकून बसला. अंगात खाकी पँट, पांढरा सदरा, खिशाला खडूचा तुकडा. पायातलं काढून शेजारी नीट ठेवलेलं. मी बाहेर जाऊन जरा तोऱ्यातच विचारलं, "काय काम आहे?"

"मला काय काम असतंय? तुमालाच न्हाई म्हणून बसलोय."

मला असा राग आला! म्हातारा मात्र शांतपणे म्हणाला, "आठ दिस झालं बघायलोय, वकीलबाई. अकरा मानसं आली, अकराच्या अकरा चप्पल काढून हुभी ऱ्हायली. चप्पल भाईर ऱ्हायली की मानूस बी भाईरच ऱ्हातंय. आत येतंय ते नुसतं तोंड."

"मग मी काय करू?"

"तुमी काय करनार? तुमचं समदं करून झालंय की." आणि छताकडं बोट दाखवून, "ते वर काय लपवलंय?"

"दिवे."

"कावून? चोरीचे हायेत का?"

त्या दिवशी मी सहा आठवड्यांनी पहिल्यांदा हसले. मग मला कळलं, की हा माणूस गावात ह्याच गोष्टीसाठी माहीत आहे. नवं ऑफिस टाकणारे लोक ह्यांना गुपचूप बोलावून नेत, आणि गुपचूप यासाठी, की शिपायाचा सल्ला घेतला हे कुणाला कळू नये. मामांचंही काही म्हणणं नसे. चहा घ्यायचे, तोही कपातला अर्धा.

विम्याच्या एका एजंटाची गोष्ट ते रंगवून सांगायचे. त्यानं खोली घेतली, टेबल टाकलं, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, बस. साधेपणा म्हणे! लोक यायचे आणि निघून जायचे. मामांनी बघितलं आणि म्हणाले, "बे, इतकं बी गरीब दिसू नये. लोकास्नी वाटतंय, ह्याचंच आज हाय उद्या न्हाई, आपल्या मरणापत्तुर कुठला टिकतोय?" त्याला लोखंडी कपाट आणायला लावलं. एजंट म्हणाला, मामा, आत ठेवायला काही नाही. मामा म्हणाले, "कपाट रिकामं चालतंय. कुलूप भारी पाहिजे." महिन्याभरात एजंटाचं बस्तान बसलं. कपाटात त्याचा डबा आणि छत्री असायची, आणि ते उघडताना तो आधी दोन्हीकडं बघून घ्यायचा.

पण मामांचा खरा पराक्रम आबासाहेबांच्या संपर्क कार्यालयातला. आबासाहेब म्हणजे इथले पुढारी, तालेवार, बोलायला लाघवी. निवडणुकीच्या वर्षात त्यांनी रस्त्यावर कार्यालय थाटलं आणि आत लांबलचक पांढरा सोफा टाकला. लोक येत, पण सोफ्यावर कुणी बसेना. धोतर मळकं, हाताला उसाचा चिकटा, कोण बसणार? माणसं तास तास भिंतीला टेकून उभी, आणि उभा माणूस मनातून चिडतो हे मामांना पस्तीस वर्षांच्या अनुभवानं माहीत. आबासाहेबांनी बोलावणं धाडलं. मामा गेले, सगळीकडं फिरून बघितलं. चहा आला. मामांनी कप उचलला, सगळ्यांच्या देखत सोफ्यापाशी गेले आणि कप सोफ्यावर उपडा केला.

कार्यकर्ते धावले. "म्हाताऱ्या, डोळे फुटले का बे?" आबासाहेबांच्या कपाळावरची शीर तट्ट फुगली. मामा निवांत त्या डागाशेजारी बसले आणि भिंतीजवळच्या माणसांना म्हणाले, "या रे, बसा. डाग पडलाय. आता सोफा मानसात आला."

आणि लोक बसले की! पाच मिनिटांत सोफा भरला. आबासाहेब बेरकी माणूस, त्यांना लगेच उमगलं. पुढं सोफ्याची खोळ धुवायला काढली तर ते ओरडायचे म्हणे, "डाग ऱ्हाऊ द्या!"

माझ्याकडं मात्र मामांनी चहा सांडला नाही. "तुमच्यात डागानं भागत न्हाई," म्हणाले. "आठ दिस काय करू नका. नुसतं दार उघडं टाका." ते दाराबाहेर बसून राहिले. कुणी येऊन गेलं की उठायचे, आणि तो माणूस जिथं थबकला तिथं त्याच्या पावलांभोवती खडूनं गोल काढायचे. पुरुषांचे गोल पांढऱ्या खडूनं, बायांचे तांबड्यानं. आठवड्याच्या शेवटी पांढरे गोल उंबऱ्याच्या बाहेर गोळा झाले होते. तांबडे चारच, आणि चारही दाराच्या डाव्या बाजूला, भिंतीला चिकटून, जिथं उभी बाई रस्त्यावरून दिसत नाही.

मामांनी टेबलावरच्या राखेत बोटानं नकाशा काढला. "परळीत कागद कशाला नासायचा?" म्हणाले. "हे बघा. दारापाशी एसटी स्टँड पाहिजे. स्टँडावर कुणी चप्पल काढतं का? न्हाई. मानूस बिनघोर आत येतो. मधी दवाखाना पाहिजे, म्हंजे गप बसतो. अन् तुमच्या टेबलापाशी कोर्ट पाहिजे, म्हंजे खरं बोलतो. तुमी दारातच कोर्ट मांडलंय. मग कोन येतंय?"

म्हणून दारात शहाबादी आली. संदीपला फोनवर सांगितलं तर तो पलीकडं चक्क ओरडला. "ताई, इटालियन फिनिश उखडून? तू कुणाच्या नादाला लागलीस?" मामांनी फोन मागितला. "ओ संदीपराव, तुमचं काम एक नंबर हाय. पर ते आरशासारखं हाय. आमच्या लोकास्नी घरी आरसा हाय, तो बघून समाधान व्हईना म्हणून तर ते वकिलाकडं येतेत." "करा काय करायचं ते," म्हणून संदीपनं फोन ठेवला.

मग काचेचं दार. काचेतून आतलं सगळं रस्त्याला दिसायचं. कोणती बाई वकिलाकडं बसलीय ते संध्याकाळच्या गाडीनं गावात पोचायचं. मामा म्हणाले, "आजच झाकतो," आणि कुठून तरी एक जुनं फ्लेक्स घेऊन आले. पांढरी बाजू रस्त्याकडं करून त्यांनी ते काचेवर घट्ट बसवलं. मीही खूश. दुसऱ्या दिवशी एक बाई आली, मामांनी तिला आत घातलं, ती बसली, मान वर केली आणि एकदम डोक्यावरून पदर ओढून ताडकन उभी राहिली. मी वळून बघते, तर दारावर आतल्या बाजूनं सहा फुटी आबासाहेब हात जोडून हसतायत. वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छांसह! ती बाई त्यांच्याच गावची. मामा कपाळावर हात मारून म्हणाले, "मागं बघितलंच न्हाई बघा." पण त्यांच्या मिशा हलत होत्या. बघितलं होतं, शंभर टक्के बघितलं होतं.

फ्लेक्स गेलं, काचेला आतून साधा पांढरा कागद लागला आणि प्लायवूडचा आडोसा आला. त्याची उंची मामांनी सुताराला सांगितली, पाच फूट. सुतार म्हणाला, चार पुरे. मामा चिडले. मी त्यांना चिडलेलं पहिल्यांदाच बघितलं. "पाच म्हनलं ना? बाई हुभी ऱ्हायली तरी तोंड दिसू नये. अन् बाकडं असं ठिवा, की बाप शेजारी बसला तर त्याला बी कुनी बघू नये."

"बापाला कशाला लपवायचं, मामा?"

"लेक माघारी आलेला बाप लेकीपरीस जास्ती लपतो, वकीलबाई. हाय माझ्या पाहण्यात एक."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. मोठी वकील ना मी!

कपाट आलं, कुलूप आलं. बाया येऊ लागल्या. गाळप संपून साखर कारखान्यांचा पट्टा पडायला लागला तशा उसतोडीवरून परतलेल्याही आल्या. सहा महिने फडात राबून आलेल्या, हाताला पाचटाचे चरे, आणि घरी नवऱ्यानं दुसरीला आणून बसवलेली. त्या आडोशाआड बसायच्या, आधी पाणी प्यायच्या, मग घडाघडा बोलायच्या. त्यांच्या पायात चपला असायच्या. मला त्या चपला बघून जो आनंद व्हायचा तो पुढं निकाल जिंकूनही फार वेळा झाला नाही.

पाडव्याला चार दिवस राहिले. सोमवार होता, वैजनाथाला आलेली माणसंही कामं उरकत होती. नाना आणि राजाभाऊ आले. राजाभाऊंच्या हातात मोजायची टेप! काच आता आतून झाकलेली, बाहेरून काही दिसत नव्हतं. दाराबाहेर फक्त मामांचा चपलेचा जोड आणि स्टुलावर मामा. नाना उंबऱ्याकडं बघून म्हणाले, "ह्या म्हाताऱ्याची सोडली तर एक बी चप्पल न्हाई भाईर. कुनीच येत न्हाई की इथं. राजा, घे माप."

हे मी आतून ऐकलं. समोर अशील बोलतोय आणि मला एक अक्षर कळेना.

मामा उठले नाहीत, काही बोलले नाहीत. नुसतं बसल्या जागेवरून हात लांब करून त्यांनी दार ढकललं.

आत चौदा माणसं. बाकड्यावर, खुर्च्यांवर, भिंतीला टेकून, सगळी पायात चपला घालून. राजाभाऊंची टेप हातातून सुटली आणि सर्रकन गुंडाळली गेली. नाना आत शिरायला लागले, तर पाय ठेवायला जागा नाही. तेव्हा मात्र मामा उठले, आपलं स्टूल नानांपुढं सरकवलं, आणि पस्तीस वर्षं कमावलेल्या आवाजात म्हणाले, "बसा नाना. नंबर आला की सांगतो."

नाना बसले! स्वतःच्या गाळ्याबाहेर, शिपायाच्या स्टुलावर, पाऊण तास. नंतर घरी जेवताना म्हणाले, "लई गर्दी असती तुझ्याकडं." गाळ्याचा विषय परत निघाला नाही.

त्यानंतर मामा कायमचे माझ्या दारात बसू लागले. पगाराचं नाव काढलं की रुसायचे. मला एकच खंत होती, ते कधी आत येऊन खुर्चीवर बसले नाहीत. चप्पल बाहेर, स्टूल बाहेर. मी पुष्कळ भांडले. "सगळ्यांना चप्पल घालून आत पाठवता, मग तुम्हालाच काय झालं?"

"मी काय गिऱ्हाईक हाय? शिपायानं भाईरच काढायची. पस्तीस वर्षांत मी साहेबाच्या खुर्चीवर बसलो न्हाई. साहेब नसताना बी न्हाई. काम असनारा बसतो. मला काय काम हाय?"

पण मधूनच दारातून डोकं आत घालून काहीतरी विचारायचे. "वकीलबाई, पोटगीच्या कामाला पोरीच्या बापाला कोर्टात हुभं ऱ्हावं लागतं का?" "पोरीनं सोताच सोडलं असंल तर चालतंय का?" "तीन वर्सं उशीर झाला तर?" मी म्हणायचे, कुणासाठी विचारताय? ते म्हणायचे, "हाय वळखीतला एक बाप. लाजतोय." मी उत्तर देऊन पुढच्या कागदात डोकं घालायचे. साक्षीदाराच्या डोळ्यांतलं खोटं ओळखते म्हणून मिरवणारी मी, आणि दारातल्या माणसाचं खरं मला दोन वर्षं ओळखू आलं नाही. आजही स्वतःचा राग येतो.

पुढं मामा आजारी पडले, गेले, ते सगळं झालं. पण मला मामा आठवतात ते श्रावणातल्या एका सकाळचे.

स्टूल दाराबाहेर नव्हतं. मला वाटलं, गाडी चुकली असेल. दहाच्या सुमारास दार ढकललं गेलं आणि मामा आत आले. अंगात निवृत्तीच्या दिवशीचा इस्त्रीचा सदरा, डोक्याला टोपी. आणि पायात चपला. राखेचे ठसे उमटवत ते शहाबादीवरून सरळ टाइलवर आले, माझ्यासमोरच्या खुर्चीपाशी थांबले आणि पाठीवर हात धरून उभे राहिले.

"बसू का?" त्यांनी विचारलं.

मी नुसती मान हलवली. ते खुर्चीच्या अगदी कडेला बसले, जशी पहिल्यांदा आलेली सगळी माणसं बसतात.

"वकीलबाई, माझं एक काम हाय."

मी त्यांच्या खांद्यावरून दाराकडं बघितलं. उंबऱ्याबाहेर तिशीतली एक बाई उभी होती. मामांचेच नाक-डोळे, नजर खाली घातलेली. ती वाकून चपलेचा पट्टा सोडायला लागली होती.

मामांनी मागं वळूनही बघितलं नाही. त्यांना तो आवाज पस्तीस वर्षांचा पाठ होता.

"असू दे गं पायात, सुमन," ते म्हणाले. "हितं घालून यायचं असतंय."